दगडापेक्षा वीट मऊ

सरकारवर लोक चिडले की ते पडणारच, असे आपण सहज बोलून जातो. मलाही तसेच वाटे. पण ऑस्ट्रेलियाच्या १९९३ च्या निवडणुकीचा अभ्यास केला आणि माझा हा समज डळमळला.

मजूर पक्ष तेथे १९८३ पासून सत्तेवर होता. मंदीने लोक पोळले होते. बेकारी ११ टक्क्यांच्या आसपास गेली होती. पंतप्रधान होते पॉल कीटिंग. आपल्याच पक्षाच्या लोकप्रिय बॉब हॉक यांना दूर सारून डिसेंबर १९९१ मध्ये ते त्या खुर्चीवर बसले. त्याआधी अर्थमंत्री असताना, ही मंदी येणे भागच होते, असे ते बोलून गेले होते. नोकरी गेलेला माणूस असे वाक्य विसरत नाही. विरोधकांना ही निवडणूक हरणे शक्यच नाही, असे जो तो म्हणत होता.

विरोधी नेते जॉन ह्यूसन हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. नोव्हेंबर १९९१ मध्येच त्यांनी साडेसहाशे पानांचा कार्यक्रम जाहीर केला. त्यात १५ टक्के वस्तू व सेवा कर होता, म्हणजे २०१७ साली आपल्याकडे आलेला जीएसटी. ओरड झाली तेव्हा त्यांनी खाद्यपदार्थ वगळले. पण त्यामुळे गुंतागुंत वाढली. मतदानाला दहा दिवस उरले असताना दूरचित्रवाणीवर त्यांना साधा प्रश्न विचारला गेला : वाढदिवसाचा केक महाग होणार की स्वस्त? केक सजवलेला आहे का, कुठून घेतला, असे करता करता प्राध्यापकमहाशय स्वतःच त्यात अडकले.

कीटिंग यांनी डाव ओळखला होता. ह्यूसन जिंकले तर आमचा पक्ष सिनेटमध्ये हा कर अडवणार नाही, असे त्यांनी आधीच सांगून टाकले होते. म्हणजे नंतर कोणी वाचवेल, ही आशा मतदाराला उरली नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. १९२४ च्या कायद्यापासून तेथे संसदीय निवडणुकीत मतदान सक्तीचे आहे. सरकारवर रुसून घरी बसण्याची सोय नाही. दोन्ही पक्ष नकोसे झालेल्यालाही केंद्रावर जावेच लागते, आणि तो दगडापेक्षा वीट मऊ म्हणून शिक्का निवडतो. १३ मार्च १९९३ रोजी मजूर पक्षाने १४७ पैकी ८० जागा जिंकल्या. आधीपेक्षा दोन जास्तच!

पण गोष्ट इथे संपत नाही. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात काही अप्रत्यक्ष कर वाढले, आणि कायदा करून दिलेल्या करकपातीचा दुसरा हप्ता लांबणीवर पडला. राग गेला नव्हता, तो फक्त थांबला होता. १९९६ साली जॉन हॉवर्ड यांच्यासमोर मजूर पक्ष १४८ पैकी ४९ जागांवर आला. २०१९ मध्ये स्कॉट मॉरिसन यांचे सरकारही सगळे जनमत अंदाज खोटे ठरवून तरले; तेव्हाही विरोधकांचे कर-प्रस्ताव लोकांना धास्तावून गेले होते. २०२२ मध्ये ते पडले.

म्हणून एखादे नावडते सरकार टिकेल का, असे कोणी विचारले की मी आधी विरोधकांकडे पाहतो. आणि ते टिकलेच, तर त्याने त्या विजयाला लोकांचे प्रेम समजू नये. मतदाराने त्याला फक्त तीन वर्षांची मुदतवाढ दिलेली असते.