गडावरची निळी पाटी

चाळीस-एक वर्षांपूर्वी शाळेची सहल लोहगडावर गेली होती. मळवलीला लोकलमधून उतरलो, भाज्यावरून गड चढलो, डबे खाऊन झाले. मग मी एक टोकदार दगड घेतला आणि गणेश दरवाजाच्या भिंतीवर नाव कोरू लागलो. दोन अक्षरं होतात तोच मागे सर उभे. ते ओरडले नाहीत. पुरातत्त्व खात्याच्या निळ्या पाटीपाशी नेऊन म्हणाले, "मोठ्यानं वाच."

मी वाचलं. राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक. नासधूस करणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आमच्या घरात पाच हजार रुपये एकत्र कुणी पाहिले नव्हते. घरी पोचेपर्यंत घशाला कोरड होती.

पुढे भीती गेली, प्रश्न मात्र राहिला. आमच्या मावळातला गड राष्ट्राचा कधी झाला?

१८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी रायगड पडला, वाडे जळाले. अनेक गडांच्या वाटा आणि तट इंग्रजांनी मुद्दाम तोडले, म्हणजे पुन्हा कुणी तिथं उभं राहायला नको. महाराजांच्या समाधीची दुरवस्था झाली. १८९५ मध्ये लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून तिच्यासाठी निधीची हाक दिली. पुढच्या वर्षी रायगडावर उत्सव झाला. लोकांनी गडावर हक्क सांगितला तो असा. कायदा त्यानंतर आला, १९०४ मध्ये, लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत. त्याच कायद्यानं १९०९ मध्ये लोहगड संरक्षित झाला. गड पाडणाऱ्यांच्याच राज्यात तो जपण्याचा हुकूम निघाला, ही इतिहासाची गंमत!

स्वातंत्र्यानंतर आपण हे काम अंगावर घेतलं. घटनेच्या ४९ व्या कलमानं राष्ट्रीय महत्त्वाची स्मारकं जपणं हे शासनाचं कर्तव्य ठरवलं. १९५८ मध्ये नवा कायदा आला. त्याच्या यादीत लोहगड आहे, तसा पोर्तुगीजांनी बांधलेला आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकलेला वसईचा किल्लाही आहे. स्मारक कुणी बांधलं, त्याचा धर्म कोणता, हे कायदा विचारत नाही. या मातीवर जे घडलं ते सगळं आमचं, जिंकलेलं आणि हरलेलंही, असं ती यादी सांगते. मला तरी राष्ट्र या शब्दाचा अर्थ तिथं कळला.

पण यादीत नाव चढलं म्हणजे दगड वाचला असं नाही. २०१३ च्या महालेखापरीक्षकांच्या अहवालासाठी १,६५५ स्मारकांची प्रत्यक्ष पाहणी झाली, त्यांतली ९२ जागेवर सापडलीच नाहीत. काहींचा पुढे पत्ता लागला. २०२४ मध्ये १८ स्मारकांची नावं यादीतून काढावी लागली.

दुसरी बाजूही आहे. २०१० च्या दुरुस्तीनं स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम बंद झालं आणि पुढच्या दोनशे मीटरवर नियंत्रण आलं. शिक्षाही दोन वर्षं आणि एक लाखापर्यंत गेली. पन्हाळ्यासारख्या नांदत्या गडावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याला छपराच्या दुरुस्तीसाठीही परवानगीमागे धावावं लागतं. त्याला गड आपला वाटेनासा झाला, तर पाटी कितीही मोठी लावा, राखण कोण करणार? कायदा कडक हवाच, पण गडावरच्या माणसाला परवानगी वेळेत मिळायला हवी.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. अकरा आपल्याकडचे, त्यांत लोहगड. बारावा तमिळनाडूतला जिंजी, जिथून राजाराम महाराजांनी मोगलांशी वर्षानुवर्षं झुंज दिली. आता जगाचं लक्ष राहील.

बातमी वाचून मी पुन्हा लोहगडावर गेलो. गणेश दरवाजाशी वाकून पाहिलं. माझी दोन अक्षरं अजून तिथंच आहेत. खोडायला गेलो तर दगड आणखी खरवडला जाईल, म्हणून हात मागे घेतला. शेजारी नवी वीसेक नावं दिसली. एक मुलगा खिशातून किल्ली काढत होता. त्याला म्हटलं, "बाळा, आधी ती पाटी मोठ्यानं वाच."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)