पट्टेरी बास व संकरित बास : जलाशयांतील हिवाळी गळमासेमारी

अमेरिकेत, विशेषतः तिच्या आग्नेय व दक्षिण भागातील धरणांच्या जलाशयांवर, साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात चालणारी हौशी मासेमारी. पट्टेरी बास (शास्त्रीय नाव मोरोने सॅक्सॅटिलिस) हा मूळचा अटलांटिक किनाऱ्याचा मासा. रंग चंदेरी, अंगावर लांबीभर सात-आठ काळसर रेषा. तो समुद्रात वाढतो आणि वसंतात अंडी घालायला नद्यांत चढतो. साउथ कॅरोलायना राज्यात सँटी व कूपर नद्यांच्या प्रकल्पातील धरणे 1941-42 मध्ये पूर्ण झाली, तेव्हा काही मासे वरच्या अंगाला अडकले. ते गोड्या पाण्यातच तगले आणि जलाशयाला मिळणाऱ्या नद्यांत प्रजननही करू लागले. पुढे अनेक राज्यांनी हा मासा आपापल्या जलाशयांत सोडला तो याच अनुभवावर. मात्र त्याची अंडी फुटेपर्यंत सुमारे दोन दिवस वाहत्या पाण्यात तरंगत राहावी लागतात. तळाला बसली की गाळात गुदमरतात. त्यामुळे टेक्सास-ओक्लाहोमा सीमेवरील टेक्सोमासारखे मोजके जलाशय सोडले, तर बाकी ठिकाणी मत्स्यबीज केंद्रातून पिल्ले आणून सोडावी लागतात.

पट्टेरी बासची मादी आणि पांढऱ्या बासचा नर यांचा संकर साउथ कॅरोलायनातच 1965 मध्ये करण्यात आला. या संकराला पाल्मेटो बास म्हणतात, तर उलट संकराला सनशाइन बास. संकरित मासा आखूड व रुंद अंगाचा, आणि त्याच्या रेषा मधेमधे तुटलेल्या असतात. तो झपाट्याने वाढतो व कोमट पाणी अधिक सोसतो.

हिवाळ्याचे महत्त्व उन्हाळ्यातील कोंडीवरून कळते. उन्हाळ्यात जलाशयाचे वरचे पाणी तापते आणि तळाच्या गार पाण्यातला प्राणवायू संपत जातो. मोठ्या पट्टेरी बासला गार आणि प्राणवायूयुक्त असे दोन्ही गुण असलेले पाणी लागते. ते मधल्या एका पातळ थरातच उरते. शरदात वरचे पाणी थंड व जड होऊन खाली जाते, सगळे पाणी ढवळून निघते आणि माशांना पुन्हा सारा जलाशय मोकळा होतो. गळ टाकणाऱ्याला म्हणूनच आधी मासा शोधावा लागतो, आणि त्यासाठी त्याच्या भक्ष्याचा, म्हणजे शॅडचा, माग काढावा लागतो.

शॅड हा आपल्या तारलीच्या गणातला छोटा मासा. त्यातली थ्रेडफिन ही जात थंडीला फार नाजूक. पाणी 5-7 अंश सेल्सियसपर्यंत उतरले की तिचे थवे मरगळतात, मरूही लागतात. बास तेव्हा खालून तुटून पडतो आणि वरून कुरव पक्षी सूर मारतात. जाणकार नाविक दुर्बिणीतून आधी कुरवच शोधतो. एकाच जागी घिरट्या घालणारे चार पक्षी दिसले तरी तिकडे नाव वळवणे फुकट जात नाही. निरभ्र दुपारी उन्हाने कोमटलेल्या उथळ खाड्यांत मासे येतात, एरवी खोल पाण्यात असतात. तेथे सोनारच्या (ध्वनिलहरींनी मासे शोधणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर ते कमानींसारखे दिसतात.

आमिष जिवंत किंवा कृत्रिम असते. जिवंत शॅड गोल टाकीतच ठेवतात, कारण तो सतत पोहत असतो आणि चौकोनी टाकीच्या कोपऱ्यात अडकून मरतो. त्याच्या नाकपुड्यांतून गळ ओवून तो नावेमागे मोकळा सोडतात किंवा शिशाचे वजन लावून खोल उतरवतात. कृत्रिम आमिषांत धातूचा चमचा आणि केसाळ जिग (शिशाच्या डोक्याचा गळ) हे मुख्य. चमचा थव्याच्या पातळीपर्यंत सोडून हातभर उचलायचा आणि पुन्हा पडू द्यायचा; मासा बहुधा तो पडत असतानाच घेतो. म्हणून दोरी त्या क्षणी सैल सोडू नये. थंड पाण्यात मासा लांबवर पाठलाग करत नाही, तेव्हा ओढ मंदच हवी.

औष्णिक वा अणुवीज केंद्रांतून कोमट पाणी सुटते त्या जागाही हिवाळ्यात नावाजलेल्या आहेत. समुद्रापासून तुटलेल्या पट्टेरी बासचा 69 पौंड 9 औंसांचा (सुमारे 31.5 किलो) विक्रमी नमुना फेब्रुवारी 2013 मध्ये अलाबामातील ब्लॅक वॉरियर नदीत मिळाला, तोही अशाच एका वीजकेंद्राजवळ.

मासा पकडून परत सोडणाऱ्यांसाठी हाच ऋतू योग्य. उन्हाळ्यात खालच्या गार थरातून तापलेल्या पाण्यात ओढलेला पट्टेरी बास परत सोडला तरी पुष्कळदा मरतो. थंड पाण्यात त्याची जगण्याची शक्यता बरीच जास्त असते. तरी गोठवणाऱ्या वाऱ्यात त्याला छायाचित्रासाठी धरून ठेवू नये, कल्ल्यांना इजा होते. माणसालाही हे पाणी निर्दय आहे : नावेतून पडणाऱ्याला पहिल्या मिनिटात धाप लागते आणि थोड्याच वेळात हातपाय चालेनासे होतात. जीवरक्षक जॅकेट किनाऱ्यावरच अंगात चढवावे आणि परतेपर्यंत काढू नये.