केबल स्ट्रीटची लढाई

केबल स्ट्रीटची लढाई : लंडनच्या ईस्ट एंड भागात रविवार, ४ ऑक्टोबर १९३६ रोजी फॅसिस्टांचा मोर्चा अडवण्यासाठी रहिवाशांनी केलेला प्रतिकार. नावात लढाई असली, तरी केबल स्ट्रीटवर फॅसिस्ट आणि त्यांचे विरोधक समोरासमोर आलेच नाहीत. मारामारी झाली ती जमाव आणि पोलीस यांच्यात. स्मरणसोहळ्यांत हा तपशील बहुधा गाळला जातो.

आधी हुजूर आणि नंतर मजूर पक्षात राहिलेल्या ऑस्वल्ड मोझलीने १९३२ मध्ये ‘ब्रिटिश युनियन ऑफ फॅसिस्ट्स’ हा पक्ष काढला. काळ्या सदऱ्यांमुळे त्याचे अनुयायी ब्लॅकशर्ट म्हणून ओळखले जात. ‘डेली मेल’चा मालक लॉर्ड रॉदरमिअर सुरुवातीला त्यांच्या बाजूने होता, पण जून १९३४ मध्ये ऑलिम्पिया सभागृहात हरकत घेणाऱ्या श्रोत्यांना बेदम चोपल्यावर प्रतिष्ठितांचा पाठिंबा आटला. त्यानंतर मोझलीने ज्यूद्वेषावर भर दिला आणि बेकारी व घरटंचाईने पिचलेल्या ईस्ट एंडकडे मोर्चा वळवला. पूर्व युरोपातून आलेले ज्यू शिंपी आणि सुतार तिथे दाटीवाटीने राहत होते.

मोझलीने या भागातून काढायचे ठरवलेल्या मोर्चावर बंदी घालावी, या मागणीच्या अर्जावर सुमारे एक लाख सह्या गोळा झाल्या. गृहमंत्री सर जॉन सायमन याने ती मानली नाही. ज्यू समाजाच्या प्रतिनिधी मंडळाने आणि मजूर पक्षाच्या नेत्यांनी लोकांना घरी बसण्याचा सल्ला दिला. कम्युनिस्ट पक्षही आधी मागेच होता. त्याच दिवशी ट्रॅफल्गार चौकात स्पेनच्या प्रजासत्ताकासाठी त्याची सभा ठरली होती. ईस्ट एंडमधल्या स्टेपनीतील कार्यकर्त्यांनी रेटा लावल्यावर बेत बदलला आणि छापून तयार असलेल्या पत्रकांवरच नवे ठिकाण वरून छापावे लागले.

त्या दिवशी ऑल्डगेटजवळच्या गार्डिनर्स कॉर्नरवर माणसांचा समुद्र लोटला. अंदाज एक लाखापासून तीन लाखांपर्यंत आहेत. अशा आकड्यांवर फार विसंबू नये. एका ट्रामचालकाने आपली ट्राम चौकातच सोडून दिली, त्यामुळे वाट आणखी अडली. दोन-तीन हजार ब्लॅकशर्ट रॉयल मिंट स्ट्रीटवर खोळंबले होते आणि सुमारे सहा हजार पोलीस त्यांच्यासाठी रस्ता मोकळा करू पाहत होते. चौकातून वाट मिळेना, तेव्हा पोलीस दक्षिणेकडच्या केबल स्ट्रीटकडे वळले. तिथे आडवा केलेला ट्रक, जुने फर्निचर आणि उखडलेल्या फरशा यांचे अडथळे उभे होते. घोडेस्वारांच्या वाटेत गोट्या टाकल्या गेल्या. वरच्या खिडक्यांतून बायकांनी कचरा, बाटल्या आणि हाताला लागेल ते फेकले. ज्यू शिंप्यांच्या जोडीला आयरिश गोदी कामगार होते. या दोन वस्त्यांत एरवी फारसे सख्य नव्हते, म्हणून हे विशेष. काही पोलीस चक्क शरण आले आणि त्यांचे करायचे काय, हे पोरांना कळेना, असे कम्युनिस्ट कार्यकर्ता फिल पिरॅटिन याने लिहून ठेवले आहे. शेवटी पोलीस आयुक्त सर फिलिप गेम याने मोझलीला पश्चिमेकडे वळून पांगायला सांगितले. सुमारे दीडशे जणांना अटक झाली. त्यांत बहुतेक फॅसिस्टविरोधकच होते.

पुढचा आठवडा विजयकथेत बसत नाही. माइल एंड रोडवर ज्यूंच्या दुकानांच्या काचा फोडल्या गेल्या. मार्च १९३७ मधील लंडन कौंटी कौन्सिलच्या निवडणुकीत बेथनल ग्रीनमध्ये फॅसिस्टांना सुमारे २३ टक्के मते पडली, जागा मात्र एकही नाही. १९३६ च्या सार्वजनिक सुव्यवस्था कायद्याने राजकीय गणवेशावर बंदी आली. पण मोर्चे रोखण्याचे जे अधिकार पोलिसांना मिळाले, ते पुढे डाव्यांवरही चालवले गेले. फॅसिस्टांचे बळ रस्त्यावरच्या एका दुपारने मोडले, असे म्हणणे म्हणूनच धाडसाचे. पिरॅटिन आणि त्याचे सहकारी नंतर भाडेकरूंच्या प्रश्नात उतरले. घराबाहेर काढल्या जाणाऱ्या भाडेकरूंत फॅसिस्ट पक्षाचे सभासद होते, त्यांच्यासाठीही ते लढले. या कामाचे चित्र भिंतीवर रंगवले जात नाही, पण १९४५ मध्ये माइल एंडने पिरॅटिनला संसदेत पाठवले, त्यात त्याचा वाटा मोठा.

सेंट जॉर्जेस टाउन हॉलच्या भिंतीवरील भव्य चित्र १९७० च्या दशकात हाती घेतले गेले. काम चालू असताना त्यावर अतिउजव्यांनी घोषणा फासल्या. ते १९८३ मध्ये पूर्ण झाले. तोवर परिसरात बांगलादेशी वस्ती वाढली होती. मे १९७८ मध्ये कपडे शिवणारा तरुण कामगार अल्ताब अली याचा व्हाइटचॅपलमध्ये वर्णद्वेषातून खून झाला, तेव्हा हजारो बंगाली त्याच्या शवपेटीमागून डाउनिंग स्ट्रीटपर्यंत चालत गेले. त्यांच्या चळवळीत १९३६ चा दाखला वारंवार दिला गेला.