मर्यादाबद्ध चलांच्या एकरूपीकरणातील अनपेक्षित वर्तन : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
संगणकीय आज्ञावलीतील दोष जेथे उद्भवतो, त्याच्या आसपासच तो प्रकट होतो, असा सर्वसाधारण समज आहे. तर्काधिष्ठित आज्ञालेखनात चलांवर मर्यादा घातल्या की हा समज टिकत नाही. कारण एका ठिकाणी आणि परिणाम दुसऱ्याच ठिकाणी दिसतो. असे का घडते, याचा ऐतिहासिक मागोवा प्रस्तुत लेखात घेण्याचा प्रयत्न केला आहे.

एकरूपीकरणाचे मूळ स्वरूप :
इ. स. १९६५ मध्ये जे. ए. रॉबिन्सन यांनी रिझोल्यूशन ही सिद्धतापद्धती मांडली. दोन पदे समान होण्यासाठी त्यांतील चलांना कोणत्या किमती द्याव्या लागतील, हे शोधणे म्हणजे एकरूपीकरण. ही तुलना केवळ रचनेची असते; '२ + ३' आणि '५' ही पदे तिच्या दृष्टीने भिन्नच होत. १९७२ मध्ये मार्से येथे आलँ कोल्मेरोर व फिलिप रुसेल यांनी प्रोलॉग भाषेत ही प्रक्रिया केंद्रस्थानी आणली.

मर्यादांचा प्रवेश :
इंझोरीसारख्या गावातील एखाद्या शाळेचे वेळापत्रक करावयाचे आहे, असे समजू. एकाच शिक्षकाचे दोन वर्गांवरील तास 'क' व 'ख' भिन्न असावयास हवेत. दोन्ही किमती अज्ञात असताना 'ही पदे एकरूप होत नाहीत ना?' असे विचारल्यास मूळ प्रोलॉग तत्काळ नकार देते. कारण दोन मोकळे चल एकरूप होऊ शकतात. १९८२ च्या प्रोलॉग-२ मध्ये यावर उपाय आला. भिन्नतेची अट पुरेशी माहिती मिळेपर्यंत प्रलंबित राहू लागली. १९८७ मध्ये जाफर व लासे यांनी मर्यादाधिष्ठित तर्क-आज्ञालेखनाची सैद्धांतिक चौकट मांडली. पुढे १९९० ते १९९२ या काळात नॉयमेर्केल, ल हुइतूझ व होल्झबाउर यांच्या लेखनातून चलालाच गुणधर्म जोडण्याची कल्पना विकसित झाली. एकरूपीकरण आता आज्ञालेखकाला विस्तारता येऊ लागले.

दोषाचे मर्म :
या विस्ताराबरोबर क्रमाचा प्रश्न उभा राहिला. मर्यादेची तपासणी चलाला किमत मिळण्यापूर्वी करावी की नंतर? सिक्स्टस प्रोलॉगमध्ये ती पूर्वी होते. एसडब्ल्यूआय-प्रोलॉगच्या रूढ पद्धतीत नंतर. वरील उदाहरणात 'क' आणि 'ख' यांना एकाच एकरूपीकरणात २ ही किमत दिली, तर दुसऱ्या पद्धतीत दोन्ही चल आधी बद्ध होतात व मग तपासणी सुरू होते. 'क'ची तपासणी लिहिणाऱ्याने 'ख' अद्याप मोकळाच असेल असे गृहीत धरले असल्यास तिला 'ख'वरील नोंद सापडत नाही. नोंद नाही म्हणजे मर्यादाही नाही, असा अर्थ लावल्यास एकच शिक्षक एकाच तासाला दोन वर्गांवर नेमला जातो आणि उत्तर बिनतक्रार छापले जाते. अपयशापेक्षा हे चुकीचे यश अधिक घातक होय.

दोषशोधनाची वाटचाल :
१९८० मध्ये लॉरेन्स बर्ड यांनी प्रवेश, यश, पुनःप्रयत्न व अपयश या चार द्वारांचे प्रतिमान दिले. १९८३ मध्ये एहुद शापिरो यांचा अल्गोरिदमिक दोषशोधनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. परंतु प्रलंबित मर्यादा भलत्याच क्षणी जागी होत असल्याने केवळ द्वारांवरील पहारा अपुरा ठरतो. त्यामुळे मर्यादांची स्थिती दृश्य करणारी साधने विकसित करण्याकडे युरोपीय संशोधकांनी नव्वदच्या दशकात लक्ष दिले.

महाराष्ट्राचाही या विद्याशाखेशी संबंध आला. डिसेंबर १९८९ मध्ये ज्ञानाधिष्ठित संगणकप्रणालींवरील आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भरली. तर डिसेंबर २००३ मध्ये तर्काधिष्ठित आज्ञालेखनाची आंतरराष्ट्रीय परिषदही मुंबईतच झाली.

निष्कर्ष :
अनपेक्षित एकरूपीकरण हा केवळ आज्ञालेखकाचा हलगर्जीपणा नव्हे. रचनेच्या तुलनेत अर्थाची तपासणी मिसळण्याच्या निर्णयाचा तो परिणाम आहे. म्हणून दोष शोधताना 'काय जुळले' याबरोबरच 'केव्हा तपासले' हेही विचारले पाहिजे. अध्यापनात प्रोलॉगची ओळख करून देताना हा क्रम प्रारंभीच स्पष्ट केल्यास विद्यार्थ्यांची दिशाभूल टळेल.