'सेटिंग' म्हणजे नेमकं काय? मोबाइलपासून हापूसपर्यंत

'सेटिंग' म्हटलं की आधी मोबाइल आठवतो. कट्ट्यावर 'त्यांची सेटिंग आहे' म्हणजे प्रेमप्रकरण, तर 'सेटिंग लावली' म्हणजे ओळखीने काम जमवलं. रत्नागिरीच्या आंबा बागायतदारासाठी मात्र सेटिंग म्हणजे फळधारणा.

मोहरात नर आणि द्विलिंगी, अशी दोन प्रकारची फुलं असतात. फळ धरतं ते द्विलिंगी फुलांनाच, आणि हापूसमध्ये ती मुळातच कमी. कडाक्याची थंडी लांबली तर आणखी घटतात. अवकाळी पाऊस आला की परागकण धुऊन जातात. त्यामुळे झाड मोहराने लगडलेलं दिसलं तरी बागायतदार 'सेटिंग कशी आहे?' हेच विचारतो. वर्षाची कमाई तिथे ठरते. मोहराचे फोटो बघून पेटीचा भाव विचारणाऱ्या मुंबईकरांनी जरा दम धरावा!