विश्रांतीचा वार

वारांच्या नांवांत इतिहास दडलेला असतो. पण रविवाराच्या नांवांत तो जितका दडला आहे, तितका दुसऱ्या कोणत्याहि वाराच्या नांवांत क्वचितच असेल. आपण त्यास आदित्यवार म्हणतों, बोलभाषेंत आयतवार म्हणतों. इंग्रज आणि जर्मन लोकहि त्यास सूर्याचाच वार म्हणतात. पोर्तुगीजांचा ‘दोमिंगो’, फ्रेंचांचा ‘दिमांश’ आणि इटालियनांचा ‘दोमेनिका’ यांचा अर्थ मात्र ‘प्रभूचा दिवस’ असा आहे. रशियन भाषेंत या वाराचें नांवच ‘पुनरुत्थान’ आहे, आणि पोलिश भाषेंतील त्याच्या नांवाचा मूळ अर्थ ‘काम न करण्याचा दिवस’ असा आहे. सूर्य, प्रभु, पुनरुत्थान आणि विसांवा अशा चार कल्पना या एका वारांत एकत्र आल्या. हल्लीं त्यांत पांचवी एक कल्पना शिरली आहे, ती खरेदीची. आणि ती इतकी ऐसपैस बसली आहे कीं, पहिल्या चौघींस उभें राहण्यासहि जागा उरूं नये. या गर्दींत आपल्या धर्माचा अर्थ शोधावयाचा कोठें, हा प्रश्न आज ख्रिस्ती समाजापुढें आहे. तो त्या समाजापुरताच आहे असें मात्र नाहीं. कारण रविवार आतां आपणां सर्वांचाच झाला आहे.

या वाराचें मूळ यहुदी लोकांच्या शब्बाथांत आहे. शब्बाथ म्हणजे आठवड्याचा शेवटचा दिवस, आपला शनिवार. त्याची आज्ञा जुन्या करारांत दोन ठिकाणीं दहा आज्ञांमध्यें आली आहे आणि दोन्ही ठिकाणीं तिचें कारण निराळें दिलें आहे, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. ‘निर्गम’ या ग्रंथांतील कारण सृष्टीच्या उत्पत्तीचें आहे: ईश्वरानें सहा दिवसांत जग निर्माण केलें आणि सातव्या दिवशीं विसांवा घेतला, म्हणून मनुष्यानेंहि तो घ्यावा. ‘अनुवाद’ या ग्रंथांतील कारण इतिहासाचें आहे: तुम्ही मिसर देशांत गुलाम होतां, तेथून तुमची सुटका झाली, हें स्मरून तुम्ही थांबा. विसांवा कोणीं घ्यावयाचा याची जी यादी त्या आज्ञेंत आहे, तींत घरधनी, मुलगा व मुलगी यांच्याबरोबर दास, दासी, गुरेंढोरें आणि गांवांत राहणारा परका यांचाहि समावेश आहे. घरधन्यास वाटेल तेव्हां बसतां येतें. त्यास आज्ञेची गरज थोडी. ज्यास स्वतःच्या इच्छेनें थांबतां येत नाहीं, त्याच्या वतीनें ही आज्ञा बोलते. थांबण्याचा अधिकार ही गुलामगिरींतून सुटल्याची खूण होय, हा शब्बाथाचा गाभा. आणि पुढील बराचसा इतिहास याच सूत्राभोंवतीं फिरतो.

ख्रिस्ताच्या अनुयायांनीं आठवड्याचा पहिला दिवस निवडला, कारण त्या दिवशीं तो पुन्हां उठला अशी त्यांची श्रद्धा होती. परंतु रोमन साम्राज्यांत हा दिवस सुटीचा नव्हता. इ. स. ११२ च्या सुमारास बिथुनिया प्रांताचा कारभारी प्लिनी यानें सम्राट् त्राजान यास पत्र लिहून, हे लोक एका ठराविक दिवशीं उजाडण्यापूर्वीं जमतात असें कळविलें आहे. उजाडल्यावर ज्यांस कामावर जाणें भाग होतें, त्यांस दुसरी वेळ तरी कोणती मिळणार? पुढें सुमारें चाळीस वर्षांनीं रोम येथें जस्टिन या पंडितानें ख्रिस्ती मंडळीच्या रविवारच्या उपासनेचें वर्णन लिहून ठेविलें. धर्मग्रंथांचें वाचन होई, प्रवचन होई, भाकर व द्राक्षारस वांटला जाई, आणि शेवटीं ज्यास शक्य असेल तो आपल्या खुषीनें कांहीं द्रव्य देई. त्या द्रव्यांतून पोरकीं मुलें, विधवा, आजारी, बंदिवान आणि परगांवचे पाहुणे यांची तरतूद होत असे. पहिलीं तीनशें वर्षें रविवार हा ख्रिस्ती मनुष्याच्या दृष्टीनें कामाचाच दिवस होता, आणि तरीहि तो रिकामा नव्हता. त्या दिवशीं पैसा हातांतून सुटे, पण तो दुसऱ्याच्या गरजेकडे जाई.

सुटी आली ती सम्राट् कॉन्स्टंटाइनच्या हुकुमानें, इ. स. ३२१ मध्यें. त्या हुकुमांत ‘ख्रिस्त’ हा शब्द नाहीं. सूर्याच्या पूज्य दिवशीं न्यायाधीशांनीं, नगरवासीयांनीं व कारागिरांनीं काम बंद ठेवावें, एवढेंच तो सांगतो. शेतकऱ्यास पेरणीचा हंगाम सांपडला नाहीं तर वर्ष बुडेल, म्हणून त्यास मोकळीक दिली आहे. राजाज्ञेनें विसांवा मिळाला खरा. पण विसांव्याबरोबर एक नवा प्रश्नहि आला. मोकळा झालेला मनुष्य त्या दिवसाचें करणार काय?

या प्रश्नाचा कडाक्याचा वाद सतराव्या शतकांत इंग्लंडांत झाला. राजा पहिला जेम्स यानें १६१८ सालीं एक जाहीरनामा काढला. तो ‘खेळांचें पुस्तक’ या नांवानें प्रसिद्ध आहे. रविवारीं देवळांतील उपासना आटोपल्यावर लोकांनीं नाचावें, तिरंदाजी करावी, उड्या माराव्या, त्यांस कोणी अडवूं नये, असा त्याचा आशय होता. पहिल्या चार्ल्सनें १६३३ मध्यें तो पुन्हां जाहीर केला, आणि १६४३ मध्यें पार्लमेंटच्या हुकुमानें त्या पुस्तकाच्या प्रती जाळण्यांत आल्या. प्यूरिटन पंथाच्या लोकांस वाटे कीं, प्रभूच्या दिवशीं मैदानांत दंगा म्हणजे प्रभूचा अपमान. राजाचें म्हणणें असें कीं, सहा दिवस राबणाऱ्या गरिबानें खेळावयाचें तरी केव्हां? आमच्या मतें दोघांच्याहि म्हणण्यांत सत्याचा अंश होता. दिवस निव्वळ करमणुकीस दिला म्हणजे त्याचा आत्मा जातो, हें प्यूरिटनांनीं ओळखलें. परंतु निव्वळ निषेधांची भिंत बांधली म्हणजे आंत आत्मा आपोआप वस्तीस येतो, ही त्यांची समजूत भोळी होती. शब्बाथ मनुष्यासाठीं आहे, मनुष्य शब्बाथासाठीं नाहीं, या आशयाचें ख्रिस्ताचें वचन त्यांस मुखोद्गत असलें पाहिजे.

त्याच शतकांत पॅरिस शहरांत एक मनुष्य निराळ्याच वाटेनें जात होता. निकोला एर्मां हें त्याचें मूळ नांव. लोरेन प्रांतांत गरीब घरीं जन्मलेला हा तरुण तीस वर्षांच्या युद्धांत शिपाई होता. तेथें जखमी होऊन त्याचा पाय कायमचा अधू झाला. १६४० च्या सुमारास तो पॅरिसच्या कार्मेलाइट मठांत सेवक-बंधु म्हणून दाखल झाला आणि ‘बंधु लॉरेन्स’ झाला. त्याच्या वांट्यास स्वयंपाकघर आलें, आणि त्या कामाचा तर त्यास स्वभावतःच तिटकारा होता. तेथें त्यानें पुष्कळ वर्षें काढलीं. पुढें उभें राहणें कठीण झालें तेव्हां मठांतील वहाणा दुरुस्त करण्याचें काम त्यास मिळालें. १६९१ सालीं तो वारला. त्याच्या पत्रांतून व संभाषणांतून जें एक लहानसें पुस्तक पुढें तयार झालें, तें पंथाच्या सीमा ओलांडून सर्वत्र वाचलें गेलें. त्याचें सांगणें अगदीं साधें होतें. प्रार्थनेची घटका आणि कामाची घटका यांत त्यास भेद वाटत नसे. तव्यावरचें अंडें परतावयाचें तेंहि तो ईश्वरावरील प्रीतीनें परती. पाहुणचाराच्या धांदलींत गुंतलेली मार्था आणि ख्रिस्ताच्या चरणांशीं ऐकत बसलेली मरिया, या दोन बहिणींची शुभवर्तमानांतील कथा प्रसिद्ध आहे. त्या दोघी एकाच देहांत नांदूं शकतात, असें या लंगड्या आचाऱ्यानें दाखविलें.

धांदलीच्या या युगांत बंधु लॉरेन्सचें नांव फार घेतलें जातें, आणि तें योग्यच आहे. परंतु एक गोष्ट सहसा विसरली जाते. त्याच्या स्वयंपाकघराभोंवतीं एक मठ होता. तेथें प्रार्थनेची वेळ झाली कीं घंटा होई, ठराविक मौन असे, रविवार पाळला जाई. सर्व वेळ पवित्र करण्याची कला त्यास साधली. पण ज्या घरांत कांहीं वेळ आधींच राखून ठेविलेला होता, त्या घरांत ती साधली. ज्याच्या दिवसांत एकहि घंटा होत नाहीं, त्यास ‘काम करतां करतांच ईश्वर पाहा’ असें सांगणें सोपें आहे. पण तो उपदेश धन्याच्या सोयीचा होण्याचा धोका असतो.

हा धोका गिरण्यांच्या युगांत खरा ठरला, आणि त्याची एक साक्ष आपल्या मुंबईंतच आहे. राज्य ख्रिस्ती म्हणविणाऱ्या सरकारचें होतें. पण कापडाच्या गिरण्यांतील मजुरांस आठवड्याची सुटी नव्हती. १८८१ च्या कायद्यानें मुलांस महिन्याकांठीं चार सुट्या दिल्या. मोठ्यांस एकहि नाहीं. जोतीराव फुले यांचे सहकारी व ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ मध्यें मजुरांच्या सभा भरवून मागण्यांचा अर्ज तयार केला, त्यावर सुमारें साडेपांच हजार मजुरांनीं आपली संमति नोंदविली. आठवड्यांतून एक दिवस, रविवारीं, पूर्ण सुटी मिळावी ही त्यांतील मागणी होती. २४ एप्रिल १८९० रोजीं मुंबईंत सुमारें दहा हजार मजूर सभेस जमले. त्या सभेंत दोन मजूर स्त्रियांनींहि भाषणें केलीं. १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली. हे मजूर बहुतेक ख्रिस्ती नव्हते. त्यांच्यापैकीं अनेकांस रविवार ठाऊक होता तो खंडोबाचा वार म्हणून. तथापि ‘दास आणि दासी यांसहि विसांवा मिळावा’ हा त्या जुन्या आज्ञेचा अर्थ देवळांत बसणाऱ्या राज्यकर्त्यांपेक्षां या लोकांनींच अधिक अचूक अमलांत आणला, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

हा वार मोडून काढण्याचे प्रयत्नहि झाले. फ्रेंच राज्यक्रांतींत १७९३ मध्यें दहा दिवसांचा आठवडा आला. त्यामुळें सातांत एक विसांवा होता तो दहांत एक झाला. १८०६ च्या आरंभीं ती कालगणना रद्द झाली. सोव्हिएट रशियांत १९२९ पासून मजुरांचे पांच गट करून प्रत्येक गटास निराळा विश्रांतीचा दिवस देण्यांत आला. हेतु हा कीं, यंत्रें कधींच थांबूं नयेत आणि देवळांकडे जाणारी वाटहि बंद व्हावी. परिणाम असा झाला कीं, पतीची सुटी एका दिवशीं, पत्नीची दुसऱ्या दिवशीं आणि मुलांची तिसऱ्याच दिवशीं येऊं लागली. १९४० मध्यें सात दिवसांचा आठवडा व रविवार परत आले. विसांवा एकट्याचा असून भागत नाहीं, तो सर्वांचा एकाच वेळीं असावा लागतो, हें या प्रयोगानें उलट्या बाजूनें सिद्ध केलें.

राज्यसत्तेस जें साधलें नाहीं, तें बाजारानें हंसतमुखानें साधलें. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरांतील जॉन वानमेकर हा मोठा दुकानदार वृत्तीनें धार्मिक होता. रविवारची धर्मशाळा तो मोठ्या निष्ठेनें चालवी. १९११ सालीं उभारलेल्या त्याच्या भव्य दुकानाच्या मध्यभागीं एक प्रचंड ऑर्गन बसविलेला होता, आणि नाताळांत तेथें गिऱ्हाइकांच्या गर्दींत भक्तिगीतें घुमत. त्या मनुष्याच्या श्रद्धेविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. परंतु देऊळ दुकानांत आणलें म्हणजे दुकान पवित्र होतें कीं देऊळ विक्रीस निघतें, हा प्रश्न तेव्हांपासून उभाच आहे.

या प्रश्नाचें उत्तर देण्याचा यत्न कांहीं देशांनीं कायद्यानें केला. इंग्लंडांत दुकानें रविवारीं सर्रास उघडण्याचें विधेयक १९८६ मध्यें पार्लमेंटांत १४ मतांनीं पडलें. त्यास चर्च आणि दुकानांतील नोकरांची संघटना या दोघांचाहि विरोध होता. १९९४ च्या कायद्यानें मोठ्या दुकानांस सहा तासांची परवानगी मिळाली. जर्मनीच्या राज्यघटनेंत रविवार हा श्रमापासून विश्रांतीचा व मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून संरक्षिलेला आहे. बर्लिन शहरानें नाताळापूर्वींचे चारहि रविवार विक्रीस मोकळे केले, तेव्हां तेथील चर्चें न्यायालयांत गेलीं. १ डिसेंबर २००९ रोजीं घटनान्यायालयानें निकाल दिला कीं, दुकानदाराचा नफा आणि गिऱ्हाइकाची नित्याची हौस हीं कारणें या संरक्षणास बाजूस सारण्यास पुरेशीं नाहींत. पोलंडांत २०१८ पासून रविवारच्या व्यापारावर जे निर्बंध आले, त्यांच्या मागेंहि ‘सॉलिडॅरिटी’ ही मजूर-संघटना होती. जेथें जेथें हा वार राखला गेला, तेथें उपासक आणि मजूर पुष्कळदां खांद्याला खांदा लावून उभे राहिले. हा योगायोग नव्हे. ‘अनुवाद’ ग्रंथांतील आज्ञेचींच तीं दोन अंगें आहेत.

परंतु कायद्यानें दुकान बंद होतें, मनांतील बाजार बंद होत नाहीं. आतां तर दुकान खिशांतील मोबाईलमध्यें येऊन बसलें आहे आणि त्यास कुलूप नाहीं. अशा स्थितींत ख्रिस्ती मनुष्यानें रविवारचा अर्थ शोधावयाचा तर इतिहास त्याच्या हातीं दोन-तीन साधीं मापें देतो. आज माझ्या हातांतून जो पैसा सुटला तो कोणाच्या गरजेकडे गेला, हें जस्टिनच्या मंडळीचें माप. आज घरांतील माणसें एकाच वेळीं मोकळीं होतीं काय, हें रशियाच्या फसलेल्या प्रयोगानें शिकविलेलें माप. आणि माझ्या विसांव्यासाठीं कोणाचा विसांवा गेला, हें सर्वांत जुनें माप. रविवारीं दुपारीं घरपोंच जेवण मागविणाऱ्या कुटुंबानें, तें घेऊन जिना चढणाऱ्या मुलाचा वार कोणता, एवढें जरी मनांत आणलें, तरी दास-दासींची ती जुनी यादी त्याच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोंचते.

हीं मापें ख्रिस्ती ग्रंथांतून निघालीं असलीं तरीं तीं लावण्यास कोणत्याहि धर्माची आडकाठी नाहीं. ज्या वारासाठीं मुंबईच्या गिरणींतील स्त्रीनें हजारों लोकांपुढें उभें राहून तोंड उघडलें, तो वार आपणांस वारशानें मिळाला आहे. तो कसा घालवावयाचा हें ठरविण्यापूर्वीं तो कसा मिळविला गेला, हें आपल्या मुलांस एकदां सांगितलें पाहिजे.