पेट स्कॅनमध्ये काहीतरी 'चमकतंय', म्हणजे कॅन्सर परत आला का?

"डॉक्टर, रिपोर्टमध्ये छातीत गाठी चमकतायत असं लिहिलंय. परत आला का हो?" परळहून स्कॅनची मोठी पिशवी घेऊन आलेले पेशंट खुर्चीत बसायच्या आधीच हे विचारतात. तुमच्याही घरी असा रिपोर्ट आला असेल, तर हा ठिपका दिसायला लागला कधीपासून, ते आधी ऐका.

टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. तेव्हा आत डोकावायला होता साधा एक्स-रे. बाकी भिस्त डॉक्टरांच्या बोटांवर. सीटी स्कॅन पेशंटवर पहिल्यांदा वापरला गेला १९७१ साली, लंडनमध्ये. पण एक्स-रे काय किंवा सीटी काय, दोन्ही मुख्यतः आकार दाखवतात. उपचारांनंतर उरलेला भाग म्हणजे नुसता व्रण की जिवंत गाठ, हे आकारावरून सांगणं अवघडच.

१९६२ मध्ये हे हॉस्पिटल अणुऊर्जा विभागाकडे गेलं. कॅन्सरचं हॉस्पिटल अणुऊर्जावाल्यांकडे कशाला, असं लोक अजूनही विचारतात. त्याचं एक उत्तर २००२ मध्ये मिळालं. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या परळच्याच रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये देशातला पहिला पेट स्कॅन सुरू झाला, आणि त्यासाठी लागणारा सायक्लोट्रॉनही तिथेच बसवला. पेटसाठी ग्लुकोजसारख्या साखरेला किरणोत्सारी फ्लोरिन जोडून ती शिरेतून देतात. हे फ्लोरिन ११० मिनिटांत निम्मं होतं, म्हणून ते फार लांबून आणून चालत नाही.

आता मुद्द्याचं. भुकेली पेशी ही साखर ओढून घेते आणि चमकते. कॅन्सरची पेशी भुकेली असते, हे खरं. पण जंतूंशी लढणाऱ्या पेशीही तितक्याच भुकेल्या असतात! ऑपरेशनची भरत आलेली जखम चमकते, रेडिएशननंतर सुजलेला भाग चमकतो (म्हणून तर रेडिएशननंतरचा पेट बहुधा तीन महिने थांबून करतात). आणि आपल्या मुंबईत सगळ्यात फसवा म्हणजे टीबी. छातीतल्या टीबीच्या गाठी पेटवर हुबेहूब कॅन्सरसारख्या दिसू शकतात. उलटही होतं: फार लहान किंवा संथ वाढणारी गाठ चमकतच नाही.

रिपोर्टच्या शेवटी रेडिओलॉजिस्ट 'क्लिनिकल कोरिलेशन' सुचवतात, ते अंग झटकणं नव्हे. पेशंटला ताप आहे का, वजन उतरलंय का, मागच्या स्कॅनमध्ये तिथे काय होतं, हे जुळवून बघा, असं ते सांगत असतात. म्हणून जुन्या सीडी, फिल्म, रिपोर्ट रद्दीत देऊ नका. आणि 'एसयूव्ही' हा आकडा शेजाऱ्याच्या रिपोर्टशी ताडून बघू नका. मशीन, रक्तातली साखर, इंजेक्शननंतर किती वेळाने स्कॅन केला, यांवर तो बदलतो.

सुरुवातीला सांगितलेला प्रश्न लालबागच्या एका काकांचा. कॅन्सरचे उपचार संपून चार वर्षं झाली होती. घरच्यांनी तर केमोच्या खर्चाची जुळवाजुळव सुरू केली होती. त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी आधी सुई घालून गाठीचा तुकडा तपासायला पाठवला. निघाला टीबी. सहा महिने गोळ्या घेतल्या, बरे झाले.